व्हीलचेअरवरून जुनं चर्च कसं पाहावं : वसईच्या वाटेने

जुन्या चर्चला व्हीलचेअरवरून जायचं असेल तर रॅम्प आहे का, हे नंतर विचारा. आधी विचारा, की बाजूचा दरवाजा कुठे आहे आणि त्याची चावी कोणाकडे असते.

आमच्या वसईच्या बागायत पट्ट्यात, पापडीपासून आगाशीपर्यंत, गावागावांतून चर्च आहेत. समोर उभं राहिलं की पहिल्यांदा पायऱ्याच दिसतात. कोकणातल्या पावसात जोतं उंच घ्यावंच लागतं, आणि दर्शनी बाजूच्या पायऱ्या रुंद ठेवल्या जातात, वऱ्हाड आणि मिरवणूक उतरण्यासाठी. खुर्चीवरचा माणूस तिथेच थांबतो. सोबतचे म्हणतात, "तू गाडीत बस, आम्ही पटकन बघून येतो." पण एकाच दरवाजावर भागणारं जुनं चर्च मी पाहिलेलं नाही. गायन मंडळाचा कीबोर्ड, स्पीकर, सणाच्या फुलांच्या टोपल्या, सुताराची शिडी हे सगळं बाजूने आत जातं. जिथून स्पीकरचा खोका आत जातो तिथून बहुतेक वेळा आपली खुर्चीही जाते. फक्त तो दरवाजा एरवी बंद असतो, आणि तो उघडायचा तर कोणाला तरी आधी सांगावं लागतं.

मी वसईचाच, कुपारी या इथल्या कॅथलिक समाजातला. नारळावरून पडल्यापासून कमरेखालचं अंग चालत नाही. हाताने फिरवायची, घडी होणारी साधी खुर्ची वापरतो. सोबत बायको असते आणि बहुधा पुतण्या. मुंबई-ठाण्याहून, अलिबागहून, पुण्याहून वसईची जुनी चर्च आणि किल्ला पाहायला यावं असं वाटणाऱ्या, पण "आपल्याला काय जमणार" म्हणून गाडीतच बसून राहणाऱ्या माणसांसाठी हे लिहितो आहे. गाडीत बसून राहू नका.

फोनवरच अर्धं काम होतं

चर्चच्या ऑफिसला दोन-तीन दिवस आधी फोन करा. रविवारी सकाळी नको, तेव्हा एकामागून एक मिस्सा, म्हणजे चर्चमधले उपासनाविधी, असतात आणि कोणाला बोलायला फुरसत नसते. आठवड्यातल्या दिवशी, सकाळची मिस्सा आटोपली की कोणीतरी निवांत भेटतं. फादरांशी बोलणं झालं तरी एक गोष्ट जरूर मागा : चर्चची उघडझाप करणाऱ्या माणसाचा, म्हणजे सॅक्रिस्टनचा, नंबर. फादरांची बदली होत राहते. सॅक्रिस्टनला मात्र कुठली कडी अडते आणि कुठल्या उंबऱ्याला ठेच लागते ते हाताने माहीत असतं.

आता प्रश्न कसा विचारायचा. "पायऱ्या आहेत का?" असं विचारलं की उत्तर येतं, "नाही हो, दोनच आहेत." यात कोणी खोटं बोलत नाही. चालत्या माणसाच्या पायांना दोन पायऱ्या जाणवतच नाहीत. म्हणून मी असं विचारतो : "फाटकापासून बाकापर्यंत येताना पाय किती वेळा उचलावा लागतो?" मग समोरचा माणूस मनात चालून बघतो आणि त्याला एकेक गोष्ट आठवायला लागते. फाटकाची लोखंडी पट्टी, पोर्चची कड, दरवाजाचा दगडी उंबरा, आत शिरल्यावर एक इंच खाली गेलेली फरशी.

त्याहून चांगला उपाय म्हणजे व्हिडिओ. "मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर धरून फाटकापासून बाजूच्या दरवाजातून वेदीपर्यंत चालत या आणि तो व्हिडिओ मला व्हॉट्सॲपवर पाठवा," एवढं सांगा. कोणीही आनंदाने करतं, ऑफिसात एखादा तरुण असला तर दहा मिनिटांत येतो. पायरीची उंची कळायला पायरीशेजारी एक वीट आडवी ठेवून फोटो मागवा. साधी वीट तीन इंचांच्या आसपास उंच असते. फोटोत विटेच्या दुप्पट पायरी दिसली की समजायचं, सहा इंच.

दरवाजाची रुंदी मागण्याआधी आपली खुर्ची मोजा. दुकानदार "अठरा इंची खुर्ची" म्हणतो ती बसायची जागा. चाकांच्या बाहेरच्या, हाताने फिरवायच्या कडीपासून कडीपर्यंत टेप लावला तर तीच खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच भरते, आणि कडी फिरवणाऱ्या बोटांना आणखी दोन्हीकडे जागा लागते. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण ३५ इंच, धरलेली आहे. जुन्या चर्चचे सागवानी दरवाजे याहून रुंद असतात, पण ते दोन फळ्यांचे. रोजच्या वापरात एकच फळी उघडतात. दुसऱ्या फळीचा खालचा खिट्टा खाऱ्या हवेने आणि पावसाने गंजून बसलेला असतो, ऐनवेळी तो हलत नाही. म्हणून फोनवरच सांगा, "दोन्ही फळ्या आदल्या दिवशी उघडून बघा, खिट्ट्याला थोडं तेल घाला." या एका वाक्याने माझे किती फेरे वाचले असतील!

बॅटरीवरची खुर्ची असेल तर तेही फोनवर स्पष्ट सांगा. अशा बहुतेक खुर्च्या माणसासकट शंभर किलोच्या वर जातात. ती कोणी उचलायची नाही. एकही पायरी नसलेली वाट नसेल तर त्या दिवसापुरती हाताने फिरवायची खुर्ची आणावी.

फळी

एका उंबऱ्यासाठी दौरा अडू नये, म्हणून आमच्याकडे एक फळी असते. जाड प्लायवूडची, तीन फूट लांब, खालून दोन पट्ट्या मारलेल्या, वरून खरखरीत रबर चिकटवलेलं. चढाचा हिशोब सोपा आहे. एक इंच उंचीला बारा इंच लांबी. म्हणजे तीन इंचांच्या उंबऱ्याला तीन फुटांची फळी पुरते, आणि मग मी कोणाचा हात न लावता आत जातो. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट लागतील. ती फळी रिक्षात बसत नाही, पण चर्चच्या आवारात शोधलं तर सापडते. मंडपाच्या फळ्या, शाळेतला मोडका टेबल-टॉप, काहीतरी असतंच. आखूड फळीवर मागून दणकट माणूस ढकलणार असेल तर थोडा जास्त चढ निभतो, पण वर जाताना खुर्ची मागे उलटू नये म्हणून त्याने दोन्ही हँडल सोडता कामा नयेत. फळीचं वरचं टोक उंबऱ्यावर निदान चार बोटं टेकलेलं असावं आणि खालचं टोक कोणीतरी पायाने दाबून धरावं. ओली फळी वापरू नका.

कधी यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर दगडावर शेवाळ चढतं, पेव्हर ब्लॉक बुळबुळीत होतात, आवारातल्या मातीत पुढची छोटी चाकं रुतून बसतात. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या केलेल्या खुर्चीच्या लोखंडी कड्या हाताला चटके देतात. कण्याला वरच्या भागात दुखापत असलेल्यांना दुखापतीच्या खालच्या अंगाला घाम येत नाही आणि अंग आतल्या आत तापत जातं. त्यांनी दुपारचा विचारच करू नये.

नाताळात यायचं असेल तर लक्षात ठेवा, मध्यरात्रीची मिस्सा अनेक ठिकाणी चर्चबाहेर मैदानात मंडप घालून होते. गर्दी असते, पण जमीन सपाट आणि पायरी नाही. आत जाऊन कमानी बघायच्या तर त्यासाठी दुसरा, शांत दिवस. कार्तिकात निर्मळची यात्रा भरते तेव्हा त्या बाजूचे रस्ते गाड्यांनी आणि दुकानांनी भरून जातात. यात्रा बघायची असेल, सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, घ्यायची असतील तर जरूर या, चर्च बघायला मात्र ते दिवस टाळा.

पश्चिम रेल्वेच्या लोकलला दिव्यांगांचा डबा असतो. तरी फलाट आणि डब्याच्या मधली फट आणि उंचीतला फरक पार करायला दोन माणसं हवीतच. वसई रोडला उतरून पुढे गावाकडे रिक्षापेक्षा ईको गाडी बरी : दरवाजा सरकता, बसायची जागा फार उंच नाही, घडी केलेली खुर्ची मागे उभी राहते. रिक्षाने आलात तर आधी खुर्चीची चाकं पुसून घ्या, चालकाची कुरबुर होत नाही.

आवारात शिरल्यावर

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इथेच लोकांना लागतं.

आमच्या गावांतली माणसं मायाळू आहेत. खुर्चीवरचा माणूस दिसला की चौघे धावत येतात, एक हात धरतो, एक काखेत हात घालतो, एक पायाचं पाट धरतो, आणि काही कळायच्या आत खुर्ची हवेत. पायाचं पाट निघून हातात येतं. हातपट्टी उपसून येते. खुर्ची एका अंगाला कलते. म्हणून हात लागायच्या आधी मोठ्याने, पण गोड शब्दांत सांगायचं : "थांबा. मी सांगतो तसं धरा." वय, मान, फादर, सरपंच काही बघायचं नाही. तुमची खुर्ची, तुमचं अंग, हुकूम तुमचा.

पायाचं पाट आणि हातपट्ट्या निघणाऱ्या असल्या तर आधीच काढून बायकोच्या किंवा मुलाच्या हातात द्या, आणि पाय पट्ट्याने बांधून घ्या. कमरेला पट्टा असेल तर लावा. एक माणूस मागे, दोन्ही हँडल धरून. धरण्याआधी हँडलचे रबरी कव्हर फिरतात का, निसटतात का ते बघायला सांगा. दुसरा माणूस पुढे, पुढच्या छोट्या चाकांच्या वरची पक्की लोखंडी चौकट धरून, तुमच्याकडे तोंड करून. पायऱ्या चढायच्या तर खुर्ची पाठमोरी करायची. मोठी चाकं पायरीला टेकली की मागच्याने खुर्ची मागे कलती करायची, इतकी की वजन मोठ्या चाकांवर तोललं जाईल आणि हाताला जड लागणार नाही. मग तुम्ही "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तीनला एक पायरी. मागचा ओढतो, पुढचा वर दाबतो. मोठं चाक पायरीवरून चढतं, खुर्ची उचलली जात नाही. प्रत्येक पायरीवर थांबायचं. ब्रेक मोकळे हवेत. लावलेले असले तर चाक फिरत नाही आणि सगळं वजन माणसांच्या कमरेवर येतं.

उतरताना तोंड खाली, उताराकडे. खुर्ची तशीच मागे कलती, मोठी चाकं एकेक पायरी उतरतात, पुढचा माणूस तुमच्यासमोर चालत खाली जातो. पायऱ्या नसून तीव्र उतार असेल तर मात्र उलटं, पाठमोरं उतरायचं, म्हणजे तुम्ही पुढे फेकले जात नाही.

दोनपेक्षा जास्त माणसं फक्त जागा भरायला नकोत. उरलेल्यांना काम द्या : एकाने दरवाजा धरावा, एकाने लहान मुलांना बाजूला करावं. कोणाला कमरेचा त्रास असेल तर त्याने नाही म्हणावं, हेही तुम्हीच विचारा. मदत करणारा माणूस दुखावला तर पुढच्या खुर्चीवाल्याला तो पुढे येणार नाही.

खडीचं किंवा वाळूचं आवार असेल तर सरळ ढकलत बसू नका. खुर्ची मागे कलती करून फक्त मोठ्या चाकांवर न्यायची, किंवा पाठमोरी ओढायची. मंडपवाल्याकडचे काथ्याचे पट्टे अंथरले तर आणखी सोपं.

आत

हिंदू घरातल्या पाहुण्यांना नेहमी एक शंका असते, की चाकं बाहेरून आलेली, घाण झालेली, आत चालतील का? चालतात. आमच्या चर्चमध्ये पादत्राणं घालूनच लोक येतात, चाकांना कोणी अडवत नाही. पावसात चिखल लागला असेल तर दाराशी फडक्याने पुसा, एवढंच.

मिस्सा चालू असताना आत आलात तर बसल्या जागी राहा. लोक उभे राहतील, गुडघे टेकतील. तुम्ही काही करायचं नाही, मान किंचित झुकवली तरी पुरे. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर, कॅथलिकांसाठी असतो. तुम्ही कॅथलिक असाल आणि रांगेत पुढे जाणं अवघड असेल तर मिस्सेआधी सॅक्रिस्टनला सांगून ठेवा, फादर तुमच्यापाशी येतात. खुर्ची मधल्या वाटेत उभी करू नका, ती मिरवणुकीची वाट आहे. बाजूच्या वाटेला, बाकाच्या टोकाला लागून थांबावं. पुढचं एखादं बाक एका बाजूला सरकवलं तर खुर्ची इतर माणसांच्या ओळीतच बसते. मला ती जागा सगळ्यात आवडते. खांबामागे, दरवाजाशी, सामानासारखं उभं राहायचं नाही.

फरशीवर लक्ष ठेवा. जुन्या चर्चमध्ये थडग्यांचे दगड जमिनीतच बसवलेले असतात. कोपरे वर-खाली झालेले असले की पुढचं छोटं चाक तिथे अडकतं आणि खुर्ची जागच्या जागी थांबते, माणूस पुढे जातो. अशा ठिकाणी सावकाश, तिरकं न जाता सरळ जायचं. पण थांबून वाचायचंही! उभा माणूस त्या दगडांवरून चालत निघून जातो. आपण बसलेले असतो, अक्षरं आपल्याला जवळ असतात. नावं, सालं, कोरलेली ढालीसारखी कुलचिन्हं. पुलपिटचा, म्हणजे प्रवचनाच्या उंच मंचाचा, खालचा भाग, बाप्तिस्म्याच्या कुंडाची बैठक, बाकांच्या टोकांवरचं नक्षीकाम हे सगळं आपल्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. घाई करू नका. गायनाच्या माळ्यावर आणि घंटेच्या मनोऱ्यात जाता येत नाही, तिथला फोटो पुतण्याला काढायला लावावा.

घंटांचं सांगायचं तर वसईच्या पोर्तुगीज चर्चमधल्या कित्येक घंटा आता वसईत नाहीतच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यावर मराठ्यांनी त्या नेल्या आणि देवळांना दिल्या. भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला, नाशिकला नारोशंकराच्या देवळात त्या आजही आहेत. तुमच्या गावाजवळची एखादी मोठी, क्रूस कोरलेली घंटा वसईची असू शकते. त्या घंटेचं माहेर बघायला येताय, असं समजा.

दर वीस-तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन अंग उचला, किंवा पुढे वाका. चर्चमध्ये तासभर बसणं सहज होतं आणि बैठकीच्या हाडांवर फोड आला तर महिने जातात. स्वच्छतागृह हा खरा अडचणीचा भाग आहे. जुन्या चर्चला आतून स्वच्छतागृह नसतं. असतं ते आवारातल्या हॉलला किंवा शाळेला, आणि त्याचा दरवाजा बहुतेक ठिकाणी अरुंद. फोनवर त्याचीही रुंदी मागा. मिळाली नाही तर निघण्याआधी उरकून घ्या, कॅथेटर असेल तर पिशवी रिकामी करायची बाटली आणि एक चादर गाडीत ठेवा. मी पाणी कमी पीत नाही, कोणी प्यायचं कमी करूही नये. उकाड्यात ते धोक्याचं आहे.

किल्ल्यातली चर्च

गावातली चर्च नांदती आहेत. किल्ल्यातली भग्न. तिथे फोन करायला ऑफिस नाही, सॅक्रिस्टन नाही, आणि दरवाजेही बहुतेक उरलेले नाहीत. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, दगडाला कोणी काही बसवू शकत नाही.

पण एक मोठी सोय आहे. किल्ल्याच्या मधून बंदराकडे जाणारा गाडीरस्ता आहे. गाडी आत जाते. आम्ही काय करतो, तर गाडी सावकाश नेतो, एकेका अवशेषाशी थांबतो आणि खुर्ची जिथे डांबर सोडून मातीवर उतरू शकेल तिथेच उतरवतो. सकाळी लवकर. पावसाळा संपल्यावर लगेच गेलात तर गवत कमरेएवढं असतं आणि खालचे दगड दिसत नाहीत. डिसेंबरपर्यंत थांबलेलं बरं.

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं इथे शहर उभं राहत गेलं. समुद्राच्या दरवाजाकडचं संत जोसेफचं चर्च १५४६ चं, नंतर १६०१ मध्ये वाढवलेलं. त्याचा उंच मनोरा रस्त्यावरूनही दिसतो. मनोऱ्यातल्या गोल जिन्याचं नाव काढू नका, बाहेरून मनोरा आणि दर्शनी कमान पाहण्यात पुष्कळ आहे. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचं 'येशूचं पवित्र नाव' हे चर्च लोक गोन्सालो गार्सियांचं चर्च म्हणून ओळखतात. गोन्सालो गार्सिया वसईत जन्मले, जेझुइटांकडे शिकले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीला क्रूसावर मारले गेले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं, भारतात जन्मलेले पहिले संत. त्या चर्चचा दर्शनी भाग, खांबांची जोडी आणि वरचं कोरीव काम, हे समोर खुर्ची लावून अर्धा तास बघत बसावं असं आहे. फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाच्या चर्चमधल्या जमिनीत थडग्यांचे दगड आहेत. तिथली जमीन ओबडधोबड आहे. दोन माणसं असतील आणि खुर्ची कलती करून नेता येत असेल तरच आत जा. एकट्या माणसाने ढकलत नेण्याची ती जागा नाही.

किल्ल्यात सावली शोधून ठेवा, पाणी गाडीतून घेऊन जा, आणि पंक्चरचं सामान असू द्या. बाभळीचा काटा हवेच्या टायरला सोडत नाही. मी भरीव टायर बसवून घेतले, बसताना हादरे जास्त लागतात पण काट्याची काळजी गेली.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी थोडक्यात : रेवदंड्याच्या किल्ल्यातला सातखणी मनोरा बाहेरूनच बघायचा. कोर्लईला डोंगरावरच्या किल्ल्याच्या नादी लागू नका, खाली गावात या. तिथल्या माउंट कार्मेल मातेच्या चर्चच्या आसपास अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारी घरं आहेत, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. गोव्यात पणजीच्या चर्चचा नागमोडी पांढरा जिना फोटोत बघूनच लोक बेत सोडून देतात. तसं करू नका, आधी फोन करा आणि हाच प्रश्न विचारा, बाजूने किंवा मागून वाट आहे का?

जाण्याआधी एक पत्र

चर्च बघून झालं की टेप काढा आणि बाजूच्या दरवाजाची मापं घेऊन ठेवा. मग पॅरिश कौन्सिलला, म्हणजे चर्चच्या कामकाजात फादरांना साथ देणाऱ्या समितीला, पत्र लिहा. तक्रारीचं नको, मापांचं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक वापराच्या इमारतीही येतात, खासगी मालकीच्या असल्या तरी. ते पत्रात एका ओळीत लिहावं, दम म्हणून नव्हे, कौन्सिलमधल्या एखाद्या होतकरू माणसाच्या हाती आधार म्हणून. मी साधारण असं लिहितो :

"माननीय फादर आणि पॅरिश कौन्सिलचे सदस्य, मी व्हीलचेअरवरून आपल्या चर्चला भेट दिली. आपल्या माणसांनी मला प्रेमाने आत नेलं, त्याबद्दल मनापासून आभार. उजव्या बाजूच्या दरवाजाशी दोन पायऱ्या आहेत, एक ६ इंचांची, दुसरी ५ इंचांची. दरवाजाच्या दोन्ही फळ्या उघडल्यावर मोकळी रुंदी ४४ इंच मिळते. तिथे ११ फूट लांब आणि ४ फूट रुंद लाकडी उतार, दोन भागांत, खाली टेकू देऊन ठेवता येईल. दगडाला किंवा भिंतीला खिळा मारावा लागणार नाही आणि काम झाल्यावर तो उचलून ठेवता येईल. गावातल्या आजीआजोबांनाही त्याचा उपयोग होईल. मापं घेताना मी यायला तयार आहे."

मापं तुमच्या दरवाजाची घाला. शेवटचं वाक्य वगळू नका, आणि बोलावलं तर खरंच जा. पत्र सणाच्या महिना-दीड महिना आधी पोचेल असं बघा. तेव्हा मंडपाच्या कामासाठी सुतार आवारात येतो, लाकूड येतं, कौन्सिलच्या सभा होतात, आणि उताराचं काम त्याच हाताने उरकून जातं.